दप्तरखान्याचें तोंड कोणीकडे?

जुन्या कागदपत्रांच्या संग्रहांसाठीं नव्या इमारती उठविण्याचे संकल्प हल्लीं ठिकठिकाणीं सोडले जात आहेत, व त्यांचीं विनंतिपत्रकें प्रस्तुत लेखकाकडेही येत असतात. प्रत्येक पत्रकावर इमारतीचें चित्र असतें. चित्रांत दर्शनी कमान, कमानीपुढें पायऱ्या, पायऱ्यांपुढें बाग. अलीकडच्या पत्रकांत कमानीच्या जागीं जमिनीपासून छपरापर्यंत कांच. कपाटें कोठें राहणार, त्यांच्या पाठीमागची भिंत कोणत्या दिशेची, पावसाळ्यांत तिजवर झोड किती, याविषयीं मात्र एकाही पत्रकांत अक्षर आढळलें नाहीं. ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या राखलेले रुमाल आहेत आणि ते संस्थेच्या स्वाधीन करावे कीं नाहीं अशा विचारांत जे आहेत, त्यांस ही उणीव लहान वाटणार नाहीं. सार्वजनिक इमारतीची आकृति आणि तिचें प्रयोजन यांचा संबंध काय, हा प्रश्न एरवीं स्थापत्यकारांचा. पण इमारत ग्रंथांची किंवा दप्तराची असली म्हणजे तो आपलाही होतो. म्हणून कांहीं प्रसिद्ध ग्रंथशाळांची या एका दृष्टीनें तपासणी करण्याचें योजिलें आहे.

या विषयावर बोलूं लागलें कीं, आकृतीनें प्रयोजनाच्या मागें जावें हें सूत्र पुढें केलें जातें. त्याचा कर्ता लुई सलिव्हन हा अमेरिकन स्थापत्यकार. १८९६ सालीं उंच कचेऱ्यांवर लिहिलेल्या एका निबंधांत त्यानें तें मांडलें. तळाशीं दुकानें, वर एकासारख्या एक कचेऱ्या, माथ्यावर टाक्या आणि यंत्रें. तेव्हां बाहेरून पाहणारासही हे तीन भाग तीन दिसावे, असा त्याचा रोख. सूत्र खोटें नाहीं. पण प्रयोजन कोणाचें, हें त्यांत सांगितलेलें नाहीं. कचेरींत काम करणारा हाच धनी असल्यामुळें तेथें तो प्रश्न उठत नाहीं. ग्रंथशाळेंत धनी दोन. वाचक येतो, चार घटका बसतो आणि दिवेलागणीस घरीं जातो. पोथी तेथेंच राहते, रात्रीं राहते, भर आषाढांत राहते, आणि आपण सर्व गेल्यावरही राहावी अशी अपेक्षा असते. वाचकास उजेड हवा, वारा हवा, ऐसपैस जागा हवी. कागदास अंधार हवा, कोरडेपणा हवा, आणि हवेंतील चढउतार होईल तितका कमी हवा. या दोघांचें प्रयोजन एक तर नाहींच, पुष्कळ ठिकाणीं तें परस्परविरुद्ध आहे. आणि इमारतीचें दर्शन सजवितांना आजवर बहुधा पहिल्याचीच बाजू घेतली गेली.

दुसऱ्याची बाजू घेणारा एक जुना साक्षीदार आहे. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याचें, इमारत बळकट, उपयोगी आणि सुंदर असावी, हें मत सर्वत्र सांगितलें जातें. पण त्याच्या दहा भागांच्या ग्रंथांतील सहाव्या भागांत एक लहानसें कलम आहे, त्याची आठवण फारसें कोणी करीत नाहीं. ग्रंथागाराचें तोंड पूर्वेस असावें, असें तो तेथें सांगतो. कारण एक तर सकाळचा उजेड मिळतो, आणि दुसरें म्हणजे ग्रंथ कुजत नाहींत. दक्षिणेस किंवा पश्चिमेस तोंड केलें तर तिकडचे दमट वारे कसरीस पोसतात व गुंडाळ्यांवर बुरशी आणतात. हें त्यानें इटलीच्या हवेस धरून लिहिलें. पण नैर्ऋत्येचा पाऊस ज्यांच्या दारीं चार महिने उभा असतो त्या आपल्या पश्चिम किनाऱ्यास तें इटलीहूनही अधिक लागू पडतें. आपल्याकडे पोथ्या उतरून घेणाऱ्यांनीं शिल्पशास्त्र लिहिलें नाहीं. तरी पोथीच्या अखेरीस तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून तिला राखा, अशी विनवणी ते करीत आले. ग्रंथशाळेच्या नकाशाचें पहिलें कलम म्हणून ती विनवणी घ्यावयास हरकत नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. सर बार्टल फ्रिअर हा १८६२ सालीं गव्हर्नर झाला. त्याच्या कारकीर्दींत किल्ल्याचा कोट पाडला गेला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर, ओव्हल मैदानाच्या पूर्व कडेस, सरकारी इमारतींची ती प्रसिद्ध रांग उभी राहिली: सचिवालय, विद्यापीठाचें पदवीदानाचें सभागृह, ग्रंथशाळा व राजाबाई टॉवर, हायकोर्ट, आणि सार्वजनिक बांधकाम खात्याची कचेरी. रांगेचें तोंड पश्चिमेस. मैदानापलीकडे त्या वेळीं आगगाडीचा रस्ता आणि पुढें लगेच बॅकबेचा समुद्र. आज पलीकडच्या कडेस जीं घरें दिसतात तीं १९३० नंतरचीं. म्हणजे व्हिट्रुव्हियसनें जी दिशा वर्ज्य म्हणून सांगितली तीच येथें दर्शनाची ठरली. कचेऱ्यांस समुद्राचा वारा मिळाला, समुद्रावरून पाहणारास शहराचा मुखवटा दिसला. ८० ते ९० इंच पाऊस आणि मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंतचें दुपारचें ऊन हेंही त्याच मुखवट्याच्या वांट्यास आलें.

ग्रंथशाळा व टॉवर यांचा नकाशा सर गिल्बर्ट स्कॉट याचा. हा गृहस्थ मुंबईस कधींच आला नाहीं. नकाशे लंडनहून आले. १८७८ च्या मार्चमध्यें तो वारला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत काम पुरें झालें. या स्थापत्यकाराची एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. लंडनमधील परराष्ट्र खात्याच्या कचेरीसाठीं त्यानें गॉथिक घाटाचा नकाशा काढला होता. पामर्स्टन यास गॉथिक आवडेना. तेव्हां त्याच कचेरीसाठीं स्कॉटनें इटालियन घाटाचा दुसरा नकाशा काढून दिला, आणि इमारत तशी उभी राहिली. काम तेंच, कारकून तेच, दप्तर तेंच. अंगरखा मात्र बदलला. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे मुंबईच्या इमारतीवरील नेहमींचा आक्षेप, कीं फ्रान्स आणि व्हेनिस येथील तेराव्या-चौदाव्या शतकांतला घाट उचलून उष्ण देशांत आणून ठेवला, तो सहज पटतो.

प्रस्तुत लेखकासही तो पुष्कळ वर्षें पटत होता. पण एका श्रावणांत, पश्चिमेकडून सरीवर सर येत असतां, या रांगेंतील एका ओवरींत तासभर अडकून पडण्याचा योग आला आणि मत थोडें बदललें. पाऊस कमानींतून आंत येई, फरशी भिजवी, आणि तेथेंच त्याचा जोर संपे. आंतल्या भिंतीपर्यंत त्याचा हात पोंचत नव्हता. उन्हाचेंही तसेंच. घाट परका खरा, पण ही ओवरी आपल्या वाड्याच्या पडवीची थोरली बहीण आहे. कमान टोकदार आहे कीं गोल, याचें पावसास सोयरसुतक नाहीं. ओवरी किती खोल, एवढेंच त्यास कळतें. लंडनांत बसून स्कॉटनें ही ओवरी काढली, याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. समोरच्या कडेस १९३० नंतर जीं सिमेंटचीं घरें झालीं त्यांचा घाट अगदीं निराळा, पण खिडक्यांवर भुंवयांसारखे लांब छज्जे तेथेंही आहेत. दोन पिढ्यांचे दोन घाट मैदानाच्या दोन कडांस समोरासमोर उभे आहेत, आणि पावसाबाबत दोघांनींही एकच उत्तर दिलें आहे. ज्यांस घाटाच्या नांवावरून भांडावयाचें असेल त्यांनीं ही जागा एकदां पाहून घ्यावी.

मनोऱ्याचा न्याय इतका सरळ नाहीं. प्रेमचंद रायचंद यांनीं १८६४ सालीं ग्रंथशाळेसाठीं दोन लक्ष रुपये दिले, आणि नंतर मातोश्रींच्या स्मरणार्थ मनोऱ्यासाठीं आणखी दोन लक्ष. म्हणजे जेवढें ग्रंथांस, तेवढेंच घड्याळास. मनोऱ्याची उंची २८० फूट. अंगावर पश्चिम हिंदुस्थानांतील निरनिराळ्या जातींच्या लोकांच्या मूर्ति. अंग कुर्ल्याच्या पिंवळसर दगडाचें. या सर्वांचा ग्रंथरक्षणाशीं कांहींएक संबंध नाहीं, आणि लोकांनीं तर इमारतीचें नांवच मनोऱ्यास देऊन टाकलें. ‘ग्रंथशाळा कोठें’ असें विचारल्यास टॅक्सीवाला गोंधळतो. तथापि मनोरा निरुपयोगी असें म्हणवत नाहीं. सार्वजनिक इमारतीस लोकांच्या ध्यानांत राहणें हेंही एक काम असतें. २०१५ सालीं तिचा जीर्णोद्धार पुरा झाला, २०१८ सालीं या सबंध परिसराचें नांव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेलें. त्यांत मनोऱ्याच्या लौकिकाचा वांटा मोठा असावा. ज्या इमारतीस कोणी ओळखत नाहीं तिच्या छपराच्या दुरुस्तीस पैसा मिळत नाहीं, हें आपणां संग्राहकांइतकें कोणास ठाऊक असणार? मनोऱ्याच्या नांवें आलेल्या पैशांतून ग्रंथांवरचें छपर शाबूत राहत असेल, तर त्या दोन लक्षांचा हिशेब नव्यानें मांडावा लागेल.

आंत मात्र तक्रारीस जागा आहे. वरच्या मजल्यावरचें तें उंच छताचें, रंगीत कांचांचें वाचनदालन मुंबईंतील अत्यंत देखण्या दालनांपैकीं एक होय. पण तें वाचकाचें दालन आहे. वाचक आणि ग्रंथ यांस निरनिराळें घर द्यावें हा विचार तेव्हां नवा राहिला नव्हता. मुंबई विद्यापीठ स्थापन झालें त्याच १८५७ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें पानिझ्झी याच्या कल्पनेचें आणि सिडनी स्मर्क याच्या हातचें गोल वाचनालय उघडलें. घुमटाखालीं १४० फूट व्यासाचें वर्तुळ वाचकास, आणि भोंवतालीं लोखंडी कपाटांचे मजले ग्रंथांस. आगीची धास्ती इतकी कीं गॅसचे दिवे नाहींत. धुकें दाटलें कीं वाचकानें उठून घरीं जावें. १८७९ सालीं विजेचा उजेड येईपर्यंत हाच क्रम होता. वाचकाची गैरसोय पत्करून ग्रंथाची बाजू घेतल्याचें याहून ठळक उदाहरण आठवत नाहीं. आणि गंमत अशी कीं, ही सबंध रचना म्युझियमच्या चौकांत दडलेली होती. रस्त्यावरून दिसते ती ग्रीक देवळासारखी खांबांची रांग. खरें काम करणाऱ्या भागास बाहेर तोंडच नव्हतें; सलिव्हनच्या सूत्राप्रमाणें पाहिलें तर हा दोष ठरेल, आणि तरीही प्रयोजन साधलें होतें.

याच्या उलट प्रकार पॅरिस येथें झाला. तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या नव्या इमारतीची घोषणा अध्यक्ष मितराँ यांनीं १९८८ सालीं केली. दोमिनिक पेरो यांचा नकाशा निवडला गेला आणि १९९६ च्या अखेरीस ती वाचकांस खुली झाली. चार कोपऱ्यांस चार मनोरे, प्रत्येक सुमारें ७९ मीटर उंच, आणि प्रत्येकाची आकृति उघडून उभ्या ठेवलेल्या पुस्तकाची. ही पुस्तकाची आकृति कांचेची. मनोऱ्यांच्या वरच्या मजल्यांत ग्रंथ ठेवावयाचे, आणि वाचकांनीं खालीं, मध्यभागीं खोल नेलेल्या बागेच्या भोंवतीं बसावयाचें, अशी योजना. जुनीं पुस्तकें आकाशांत, उन्हासमोर, माणसें तळाशीं! विद्वानांनीं ओरड केली, तेव्हां कांहीं ग्रंथ खालच्या मजल्यांत नेण्याचें ठरलें, आणि कांचेच्या आंतून लाकडी झडपा बसवून ऊन अडवावें लागलें. म्हणजे प्रथम पैसे खर्चून भिंत पारदर्शक केली, आणि मग पुन्हां खर्च करून ती अपारदर्शक केली. येथें आकृति प्रयोजनामागें गेली नाहीं, प्रयोजनाच्या चित्रामागें गेली. पुस्तकासारखें दिसणें आणि पुस्तकास राखणें हीं दोन कामें निराळीं आहेत, ही गोष्ट इतक्या मोठ्या राष्ट्राच्या इतक्या मोठ्या खर्चांत कशी निसटली याचें आश्चर्य वाटतें. आपल्याकडील विनंतिपत्रकांवरील कांच पाहिली कीं या झडपांची आठवण होते.

मग आदर्श कोणता? जेसलमेरच्या किल्ल्यांत संभवनाथाच्या मंदिराखालीं जिनभद्रसूरींचें ज्ञानभांडार पंधराव्या शतकापासून आहे. १८७४ सालीं ब्यूलर व याकोबी हे दोघे पंडित तें पाहण्यास वाळवंट तुडवीत गेले होते. अकराव्या-बाराव्या शतकांतील ताडपत्रें तेथें टिकलीं. दर्शन असें या भांडारास नाहींच. तळघर, अंधार, आणि कोरडी हवा. पण म्हणून कोणी रत्नागिरीस तळघर खणील तर पहिल्या मृगांतच त्याची विहीर होईल. पुण्यासही खालच्या मजल्यावर कागद ठेवण्यापूर्वीं १२ जुलै १९६१ आठवावा. पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पेठांतून शिरलें त्या दिवशीं कोणत्याही इमारतीच्या दर्शनी कमानीनें तें अडविलें नाहीं. आणि माडीवरच ठेवावें, तर १८२८ च्या फेब्रुवारींत लागलेल्या आगींत शनवारवाड्याचे लांकडी मजले जळाले आणि कोट व जोतें तेवढें उरलें, हेंही त्याच गांवांतलें उदाहरण आहे. आदर्श इमारत एका गांवाहून दुसऱ्या गांवीं उचलून नेतां येत नाहीं. नेतां येतो तो प्रश्न: येथें कागदाचा शत्रु कोणत्या बाजूनें येतो?

हल्लीं यावर एक सोपें उत्तर ऐकूं येतें, कीं यंत्रानें हवा थंड ठेवतां येते, तेव्हां भिंतीची व दिशेची चिकित्सा कशास? यंत्र अहोरात्र चाललें तर म्हणणें रास्त. पण बहुतेक संस्थांत तें वाचक असेपर्यंत चालतें आणि संध्याकाळीं विजेच्या बिलाच्या धाकानें बंद होतें. दिवसा थंड झालेल्या भिंतीवर व कपाटावर रात्रीं बाहेरची दमट हवा येऊन बसते आणि पाणी सुटतें. असें रोज वर-खालीं होण्यापेक्षां जाड भिंतीच्या खोलींतील स्थिर उकाडा कागदास कमी बाधतो. येथेंही यंत्र वाचकाच्या सुखासाठीं बसविलेलें, आणि पावती मात्र दप्तररक्षणाच्या नांवें फाडलेली. राहिल्या संगणकावरील छायाप्रती. त्या अवश्य कराव्या. पण कागदाची जात, शाईचा चर, शिक्क्याचा दाब आणि घडीची जागा यांवरून ज्यांस खऱ्याखोट्याचा निवाडा करावयाचा असतो, त्यांचें काम छायाप्रतीवर भागत नाहीं.

आमच्या घरचें दप्तर माजघरांतील एका फडताळांत असे. माजघरास बाहेरची भिंत नव्हती; चारी बाजूंनीं खोल्या, भिंती हातभर जाड मातीच्या, आणि दिवसासुद्धां दिवा न्यावा लागे. खारव्याच्या कापडांत बांधलेले रुमाल, मध्यें वेखंडाचे तुकडे. दसऱ्यापूर्वीं एकदां सर्व बाहेर काढून, झटकून, सावलींत वारा देऊन पुन्हां बांधावयाचें, एवढाच काय तो विधि. त्या फडताळाची आकृति कोणी पाहण्यास आलें नाहीं. वाडा वांटणींत गेला तेव्हां तेवीस रुमाल एका संस्थेच्या स्वाधीन केले. संस्थेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. माणसें प्रामाणिक होतीं, आणि नवी इमारत सर्वांच्या कौतुकाची होती. दालन रस्त्याच्या बाजूस, म्हणजे पश्चिमेस, कारण येणाराजाणारास कपाटें दिसावीं अशी इच्छा. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मी गेलों आणि कपाटाच्या मागें हात घातला, तों तळव्यास ओल लागली. दोन रुमालांतले कागद एकमेकांस चिकटून त्यांची वडी झाली होती. त्यांत एका इनामाच्या तंट्याचा सबंध महजर होता. त्याची नक्कल मीं पूर्वीं अर्धीच करून घेतली होती, आणि उरलेली अर्धी आतां कोणासच करतां येणार नाहीं.

मंडळापुढें अर्ज केला. उत्तर आलें कीं दालनाची रचना नकाशाप्रमाणें असून बदल करणें अशक्य आहे. पुढें वर्षभरानें पुन्हां गेलों तों कपाटांत रुमाल दिसेनात. जुन्या शिपायानें जिन्याच्या मागें नेलें. जिना आणि आंतली खोली यांच्यामध्यें चार हात रुंदीची, बिनखिडकीची एक बोळ होती. तेथें त्यानें आपल्या अकलेनें फळ्या ठोकून सर्व रुमाल लावले होते, जमिनीपासून गुडघाभर उंच, भिंतीपासून वीतभर दूर. हात लावून पाहिला, भिंत कोरडी. त्यास आतां बरींच वर्षें झालीं व रुमाल तेथेंच आहेत. पश्चिमेकडच्या कांचेमागें आतां संस्थापकांचीं छायाचित्रें लावलीं आहेत, आणि इमारतीच्या नकाशांत त्या बोळीवर अद्याप ‘अडगळ’ असेंच लिहिलेलें आहे.